शाकाहारी घरात मेंदूतला जंत: गोव्यात तो येतो कुठून?

कुळागर:

हा धागा काढण्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे घरात घडलेली गोष्ट, आणि दुसरं म्हणजे त्या गोष्टीवरून वाड्यावर जे बोललं गेलं ते.

माझ्या भाच्याला, वय १९, रात्री अभ्यास करताना फिट आली. आधी उजव्या हाताची बोटं थरथरली, मग पूर्ण हात, मग शुद्ध हरपली. एमआरआय काढला तेव्हा मेंदूच्या डाव्या भागात सेंटीमीटरभर गाठ, भोवती सूज आणि गाठीच्या आत एक बारीक ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं, असं डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. निदान: न्यूरोसिस्टिसर्कोसिस. डुकराच्या पट्टकृमीची (पट्टीसारख्या चपट्या जंताची) अळी मेंदूत जाऊन बसली होती.

माझी आई तिथल्या तिथे म्हणाली, "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग हे आलं कुठून?" फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर मात्र दोन दिवसांत उत्तर तयार होतं: पोरगा कॉलेजात चोरून चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज भरलेला पाव) खात असणार. माझ्या बहिणीला एका बाईने देवळात हे तोंडावर विचारलं. मुलगा आजारी, आणि आईने आधी त्याच्या ताटाचा खुलासा द्यायचा!

म्हणून मी जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते नीट लिहितो. या जंताचं नाव टीनिया सोलियम. त्याचे माणसाला होणारे आजार दोन, आणि दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला रस्ता डुकराच्या मांसातून. मांसात अळीचे फोड असतील आणि ते कच्चं राहिलं असेल, तर अळी पोटात जाते, आतड्याला आकड्यांनी चिकटते आणि दोनेक महिन्यांत तिचा काही मीटर लांबीचा पट्टकृमी होतो. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. त्याच्या शौचातून मात्र जंताचे तुकडे आणि अंडी बाहेर पडत राहतात. एका पिकलेल्या तुकड्यात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात.

दुसरा रस्ता या अंड्यांचा. ती कोणाच्याही तोंडात गेली (न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून) तर आतड्यात फुटतात, आतली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरते आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन फोड बनून बसते. म्हणजे मेंदूतली गाठ डुकराच्या मांसातून थेट येत नाही. ती माणसाच्या विष्ठेतून येते. माझ्या भाच्याने आयुष्यात चोरीस खाल्ला असेल किंवा नसेल, त्या गाठीशी त्याचा संबंध लावता येत नाही. वाड्यावर लोक ताटाकडे बघत होते. जंत आला तो संडासाच्या वाटेने.

माझे प्रश्न असे. घरातल्या इतरांची तपासणी करावी का? गोव्यात इतर कोणाच्या घरी असं झालं आहे का? आणि आमच्याकडे कुत्रा आहे, त्याचा यात काही भाग आहे का?

मांडवीतीर:

कुळागर, भाच्याची तब्येत आता कशी आहे? मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते. तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे आणि तीच लोकांना समजावताना आमची दमछाक होते.

तरुण वयात, आधी काहीही नसताना अचानक फिट येणं आणि स्कॅनमध्ये एकच लहान गाठ दिसणं, हे चित्र भारतात खूप दिसतं. पूर्वी अशा गाठीला सर्रास क्षयाची गाठ समजत आणि रुग्णाला वर्ष-दीड वर्ष टीबीची औषधं देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९९० च्या आसपास अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक सिस्टिसर्कसच्या, म्हणजे याच अळीच्या, निघाल्या. वीस मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, मेंदू एका बाजूला ढकलणारी सूज नाही, रुग्णाला वाढता अशक्तपणा नाही, अशा निकषांवर ऑपरेशन न करता निदान करायला आपण त्यांच्या कामामुळे शिकलो. तुमच्या भाच्याला कवटी न उघडता निदान मिळालं, त्यामागे हे काम आहे.

उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फिटचं औषध. मग स्टिरॉइड आणि त्याच्या आधाराने अल्बेंडाझोल हे जंताचं औषध. अळी मरताना तिच्याभोवतीची सूज वाढते, फिटही तेव्हाच येऊ शकते, म्हणून स्टिरॉइड लागतं. अल्बेंडाझोल सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घेतात, कारण डोळ्यात अळी असेल तर ती मरताना होणाऱ्या दाहाने दृष्टी जाऊ शकते. गाठ आधीच मरून चुना झाली असेल तर जंताचं औषध देण्यात अर्थच नसतो, तिथे फक्त फिट आवरायची.

म्हणून एक कळकळीची विनंती. ज्याला फिट येते त्याने दुकानातून जंताची गोळी आणून स्वतःच घेऊ नये. शाळेत मिळणाऱ्या एका गोळीची गोष्ट वेगळी, आणि स्कॅन न करता दिवसेंदिवस घेतलेल्या कोर्सची वेगळी.

घरच्यांची तपासणी जरूर करा. शौचाचे नमुने वेगवेगळ्या तीन दिवसांचे द्या, कारण अंडी रोज पडत नाहीत आणि एक नमुना स्वच्छ आला म्हणून माणूस मोकळा ठरत नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती, मग ती घरातली असो वा कामाला येणारी, तिची तपासणी आधी. भाच्याच्याही आतड्यात जंत असू शकतो, त्याचीही करा.

आणि "कुठून आलं" याचं नेमकं उत्तर बहुधा मिळणार नाही, याची मनाची तयारी ठेवा. भारतातून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ४५० रुग्णांचा डिक्सन आणि लिप्सकोम यांनी केलेला अभ्यास १९६१ साली छापला गेला. संसर्गानंतर पहिली फिट यायला त्यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षं लागली होती. तुमच्या भाच्याने चार वर्षांपूर्वी कुठे काय खाल्लं, कोण सांगणार?

बार्देसकार:

कुळागरांच्या बहिणीला जे ऐकावं लागलं त्याचं वाईट वाटलं. त्या बोलण्यात आमच्यासारख्या डुकराचं मांस खाणाऱ्या घरांवरही एक बोट आहे, म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी बार्देसातल्या बऱ्याच घरांच्या परसात डुकरांचे संडास होते. उंच चौथरा, मागे उतरती दगडी घळ, आणि खाली डुकरं वाट बघत उभी. तेव्हाच्या लोकांना तो सफाईचा मार्ग वाटायचा. आता कळतं की जंताचं पूर्ण चक्र त्या एका परसात फिरत होतं: माणसाची विष्ठा डुकराच्या पोटात, डुकराचं मांस माणसाच्या ताटात. ते संडास गेले, सेप्टिक टाक्या आल्या. आमच्या वाड्यावर त्याबद्दल कोणालाही हळहळ नाही.

चोरीस कसा होतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांस आणि चरबीचे बारीक तुकडे करतात, मीठ लावून वजनाखाली दाबून पाणी काढतात, उन्हं दाखवतात. मग माडाच्या शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) वाटलेला मिरचीचा मसाला चोळून ते मुरवतात आणि आतड्यात भरून, सुतळीने गाठी मारत माळ करतात. ती माळ चुलीवरच्या धुरात किंवा उन्हात टांगतात. पावसाळ्याच्या पुरुमेंतात (साठवणीच्या जिनसांत) हा ऐवज असतोच. खाताना माझी आई तो कांदा, बटाटा घालून पाणी आटेपर्यंत शिजवायची, आणि सारपातेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) तर आधी उकडून, मग बारीक कापून, परत शिजवून दोन-तीन दिवस रोज गरम केलेलं. नीट शिजलेल्या मांसात अळी जगत नाही. भीती आहे ती घाईची: गाड्यावर रांग लागलेली असताना चोरीस नुसता तव्यावर परतून पावात भरला जातो, तिथे.

डॉक्टर, मीठ आणि शिरक्याने अळी मरते का? आमच्याकडे तसं सगळे धरून चालतात.

पशुवैद्य_फोंडा:

बार्देसकार, तुमच्या प्रश्नाचं मी सांगतो. मीठ, शिरकं आणि धूर यांनी अळी कमजोर होते, मरतेही. पण घरोघरी मिठाचं प्रमाण वेगळं, मुरवण्याचे दिवस वेगळे, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. उष्णतेवर ठेवावी. तुकडा कापल्यावर आत कुठेही गुलाबी, ओला भाग नको. खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस हा सुरक्षित आकडा धरतात. फ्रीझरमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे तर खऱ्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १५ किंवा त्याखाली मांस काही दिवस ठेवलं तरी अळी मरते.

जनावरात ती कशी दिसते? मांसाच्या धाग्यांमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटरचे पातळ, पाणीदार फोड, आणि प्रत्येकात एक पांढरा कण. जीभ, खांदा, जबड्याचे स्नायू, हृदय इथे जास्त. जुने जाणकार डुक्कर विकत घेताना जिभेच्या खालच्या बाजूला बोट फिरवून गाठ लागते का बघतात. ही पद्धत जगभर आहे आणि उपयोगी आहे, पण थोड्या अळ्या असल्या तर जीभ स्वच्छही निघते. त्यामुळे कापल्यावर तपासणी हवीच. उसगावला गोवा मीट कॉम्प्लेक्सचा सरकारी कत्तलखाना आहे. तरी नाताळात, लग्नात, फेस्ताला घरच्या परसात डुक्कर कापलं जातं तेव्हा तिथे पशुवैद्य नसतो. अशा वेळी फोड दिसले तर ते मांस "धुऊन चालेल" म्हणू नका, आणि कुत्र्यांना तर मुळीच टाकू नका.

बंदिस्त पाळलेल्या, खाद्य देऊन वाढवलेल्या डुकराला हा जंत व्हायला वावच नसतो. त्याला तो माणसाच्या विष्ठेतूनच होतो, दुसऱ्या डुकराकडून नाही. आपल्याकडे अगोंडा गोवन ही डुकराची नोंदणीकृत देशी जात आहे, काळी, काटक, गावात मोकळी फिरायची सवय असलेली. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच ती गोठ्यात टिकावी. डुकरांसाठी लससुद्धा आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या मार्शल लाइटोलर्स यांच्या संशोधनातून टीएसओएल-१८ ही लस आली, आणि तिचं उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने केलं. लशीबरोबर ऑक्सफेंडाझोल हे औषध दिलं की आधीच्या अळ्याही मरतात. औषध दिल्यावर काही दिवस ते डुक्कर कापायचं नाही, एवढं पाळावं लागतं.

कुत्र्याचं सविस्तर नंतर लिहितो. कुळागरांच्या भाच्याच्या आजाराशी त्यांच्या कुत्र्याचा संबंध नाही. टीनिया सोलियमचा प्रौढ जंत फक्त माणसाच्या आतड्यात राहतो.

झुआरीकाठ:

सगळं पटलं, पण एक बोलायचं राहून जातंय. आमच्या भागात बांधकामांवर बाहेरून आलेले कामगार उघड्यावर बसतात. तीच माणसं पुढे गाड्यांवर, हॉटेलात कामाला लागतात. आजार तिथूनच येतो, हे उघडपणे म्हणायला काय हरकत आहे?

अबोली:

झुआरीकाठ, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि तुम्ही म्हणता त्या साइट्सवर मलेरियाच्या तपासणीसाठी जाते. म्हणून हरकत काय ते सांगते.

मी पाहिलेल्या एका साइटवर पन्नासच्या वर माणसं, पत्र्याच्या खोल्या, आणि संडास दोन. त्यातला एक तुंबलेला. पाणी टँकरचं, तेही काँक्रीटला आधी. त्या बायका मला म्हणाल्या, "दीदी, अंधार पडायची वाट बघावी लागते." उघड्यावर जाणं ही त्यांची आवड नाही. संडास बांधून देण्याची जबाबदारी कंत्राटदाराची आहे आणि तो बांधला का हे बघण्याची आपली. फ्लॅट आपण विकत घेतो, तेव्हा आपणही विचारू शकतो.

जंत कोणाच्या पोटात आहे हे बोलीवरून किंवा गावावरून कळत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना हाच मेंदूचा आजार झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध, आणि ही घरं तर ते कडक पाळणारी. शोध घेतला तेव्हा संशय घरकाम करणाऱ्या बायकांकडे गेला. त्या जंताचा फैलाव असलेल्या देशांतून आल्या होत्या आणि स्वतः पूर्ण अनभिज्ञ होत्या. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यावर सांगितलेला उपाय साधा होता: कामावर ठेवताना शौचतपासणी आणि लागलं तर औषध. मला त्यातलं हेच घ्यावंसं वाटतं. ज्या बाईच्या पोटात जंत आहे तीसुद्धा रुग्ण आहे, आणि सगळ्यात जास्त धोका तिला स्वतःला आणि तिच्या मुलांना आहे, कारण तिच्याच हातावरची अंडी तिच्याच तोंडात जातात. तिला हाकलून दिलं तर ती पुढच्या घरी जाईल, जंतासकट. तपासून औषध दिलं तर साखळी तिथेच तुटते. तपासणीचे पैसे आपण द्यायचे आणि पगार कापायचा नाही, म्हणजे कोणी लपवणार नाही.

आणखी एक. दर वर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वयाच्या मुलांना आम्ही अल्बेंडाझोल देतो. त्या दिवशी गोळी घेतली म्हणजे पट्टकृमीचीही काळजी मिटली, असं पालक समजतात. ती गोळी मुख्यतः गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी यांच्यासाठी आहे. मुलांना ती जरूर द्या. पण शौचात पांढरे, चपटे, हलणारे तुकडे दिसले तर वेगळं सांगा, त्याचं औषध वेगळं आहे. लाजून फ्लश करू नका. स्वच्छ डबीत तुकडा घालून आणा, आम्हाला त्याचा मोठा उपयोग होतो.

झुआरीकाठ:

दोन संडासांचा आकडा वाचून विचारात पडलो. आमच्या शेजारच्या साइटवर किती आहेत ते उद्या जाऊन बघतो.

वायंगण:

मी भाजीवाला माणूस. पावसाळा सरला की भात कापलेल्या शेतात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, मिरची करतो आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जातो. "कच्च्या भाजीतून" हे वाचून गिऱ्हाईक काय समजेल, म्हणून लिहितो.

आम्ही शेणखत घालतो, विहिरीचं पाणी देतो. शेणाने हा आजार होत नाही, माणसाच्या मैल्याने होतो. घाबरायचं असेल तर सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या टँकरना घाबरा. रात्री ओहोळाच्या कडेला, पडीक शेतात टँकर रिकामा करून जातात, याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. त्या ओहोळाचं पाणी खाली दुसऱ्याच्या भाजीला लागतं. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी एका टँकरचा नंबर टिपून पंचायतीला दिला, तेव्हापासून आमच्या बाजूला तरी ते थांबलं.

मला विचारायचं आहे ते असं: गिऱ्हाइकं म्हणतात की मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा त्या जांभळ्या औषधात भाजी भिजवली की जंत मरतात. खरं आहे का?

मांडवीतीर:

नाही. पट्टकृमीच्या अंड्याचं कवच जाड असतं. मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, पिण्याच्या पाण्यात घालतो तेवढं क्लोरीन, यातल्या कशावर भरवसा ठेवू नये. अंडं मारण्यापेक्षा ते भाजीवरून काढून टाकणं सोपं आहे. वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा, मुळाकडचा मातीचा भाग कापून टाका, काकडी-गाजर सोला. कोथिंबीर जुडी धरून बुचकळली तर आत माती तशीच राहते, ती मोकळी करून धुवायची. शिजवलेल्या भाजीला काही भीती नाही. वायंगण, तुमची तांबडी भाजी लोक शिजवूनच खातात, बिनधास्त विका. पाणी उकळून प्या, आणि शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणाने हात, नखांसकट.

सत्तरीकर:

वेगळा पण याच घराण्यातला अनुभव. माझ्या मावशीला उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली तर यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ, आणि तिच्या आत आणखी लहान लहान गाठी. हायडॅटिड सिस्ट. एका खाजगी दवाखान्यात "सुई घालून पाणी काढू, आजच घरी जाल" असं सांगितलं होतं. सुदैवाने नात्यातल्या एका डॉक्टरने अडवलं. पुढे आधी गोळ्या, मग ऑपरेशन झालं. आता बरी आहे, शेण सारवते, सगळं करते.

मावशीच्या घरी शेळ्या आणि तीन-चार कुत्री, आयुष्यभर. जत्रेला बकरं कापलं की आतडी-काळजाचा नको असलेला भाग कुत्र्यांना जायचा. डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं होतं. पशुवैद्य, हे जरा उलगडून सांगाल का?

पशुवैद्य_फोंडा:

सांगतो, कारण गोव्यात कुत्रा प्रत्येक वाड्यावर आहे आणि हा जंत नजरेला पडत नाही.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा कुत्र्याच्या आतड्यातला पट्टकृमी. लांबी फक्त काही मिलिमीटर, त्यामुळे मालकाला विष्ठेत काही दिसत नाही आणि कुत्राही ठणठणीत. त्याच्या विष्ठेतली अंडी गवतावर, पाण्यात, त्याच्या स्वतःच्या केसांवर लागतात. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर ती गवताबरोबर गिळतात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात हायडॅटिड गाठी होतात. तसं गाठी असलेलं काळीज कुत्र्याने खाल्लं की चक्र पूर्ण. माणूस मध्ये सापडतो: कुत्र्याला कुरवाळलेला हात धुतला नाही, मूल अंगणातल्या मातीत खेळलं. गाठ वर्षानुवर्षं हळू वाढते, बहुतेकांना यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात. ती फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीव जाऊ शकतो आणि आतलं पाणी सांडेल तिथे नव्या गाठी होतात. म्हणून तयारीशिवाय सुई घालणं घातक. सोनोग्राफीखाली सुई घालण्याची एक रीतसर पद्धत आहे, पण ती ठरावीक प्रकारच्या गाठींसाठी, आधी औषध देऊन आणि सगळी तयारी असलेल्या रुग्णालयातच. सत्तरीकर, तुमच्या नातेवाईकाने मोठं काम केलं.

उपाय दोन आहेत. कुत्र्याला कच्चे अवयव द्यायचे नाहीत, आणि प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध वेळेवर द्यायचं. दुकानातल्या प्रत्येक जंताच्या गोळीत ते नसतं, वेष्टनावर नाव वाचून घ्या. कुत्र्याने गाठ खाल्ल्यापासून साधारण सहा आठवड्यांनी अंडी पडू लागतात, म्हणून जिथे हा आजार जास्त आहे तिथे सहा आठवड्यांनी औषध देण्याची रीत पडली. घरात बांधलेल्या, शिजवलेलं खाणाऱ्या कुत्र्याला तुमचा पशुवैद्य सांगेल तेवढं पुरे.

हे होण्यासारखं आहे. आइसलँडमध्ये एकेकाळी हा आजार घरोघरी होता. १८६३ साली हेराल्ड क्राब्बे नावाचा संशोधक डेन्मार्कहून तिथे गेला, कुत्री तपासली आणि लोकांना समजेल अशी पुस्तिका लिहिली. पुढे कुत्र्यांना सक्तीने औषध आणि गाठीचे अवयव पुरणं-जाळणं हे कायद्याने आलं. आजार तिथून गेला. न्यूझीलंडनेही २००२ मध्ये हायडॅटिडमुक्तीची घोषणा केली. आणि दूर कशाला, आपल्या गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्री पकडून लस टोचली, शाळांत मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. कुत्रा हातात आलाच आहे तर लशीबरोबर जंताचं औषधही का देऊ नये, हा प्रश्न मी माझ्या खात्यातल्या बैठकांत विचारतो, इथेही विचारतो.

पर्वरी_अमृता:

आमच्या मांजरीच्या शेपटीखाली तांदळाएवढे पांढरे दाणे हलताना दिसतात. धागा वाचून हातपाय गळाले. घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे.

पशुवैद्य_फोंडा:

अमृताताई, घाबरू नका. हा बहुधा डिपायलिडियम, पिसवांतून येणारा. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि पिसवात अळी असते. बाळाला तो होण्यासाठी बाळानेही पिसूच गिळायला हवी. झाला तरी मेंदूत किंवा यकृतात गाठ होत नाही, साध्या औषधाने जातो. मांजरीला प्राझिक्वांटेल द्या आणि त्याच वेळी पिसवांचा बंदोबस्त करा, अंथरूण उन्हात टाका. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात दाणे परत दिसतील. बाळाच्या लंगोटात तसे दाणे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कुळागर:

सगळ्यांना देव बरें करूं. डॉक्टर मांडवीतीर, भाच्याचा कोर्स संपला, नंतर फिट आलेली नाही. फिटचं औषध चालू आहे, पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी. पोहायला आणि उंचावर चढायला तूर्त मनाई आहे. आमच्या कुळागरात सुपारी काढायला तोच चढायचा, ते आता बंद.

तीन-तीन नमुने घरातल्या सर्वांचे झाले. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशींचेही, पैसे आम्ही दिले, त्यांनीही नमुने आनंदाने दिले. कोणाच्याही नमुन्यात काही निघालं नाही. कुठून आलं ते कळणार नाही, हे आईने आता मान्य केलं आहे. बहिणीने मात्र या धाग्यातला मजकूर वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, खाली स्वतःचं नाव घालून. देवळात ज्या बाईंनी विचारलं होतं त्यांनी फोन केला. त्यांच्या सुनेला गेली दोन वर्षं फिट येते आणि घरच्यांनी ते झाकून ठेवलं आहे, स्कॅन कधी केलाच नाही. तिला घेऊन बहीण येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जाते आहे.

अबोली:

कुळागर, त्या मुलीला आल्याबरोबर हे विचारून ठेवा: फिट नेमकी कशी सुरू होते, एका बाजूने की एकदम. घरातल्या कोणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते सोबत न्या. गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, औषधं त्यावर बदलतात.

वायंगण:

आमची ग्रामसभा रविवारी आहे. दोन मुद्दे लेखी देतोय: मैल्याच्या टँकरची नोंद पंचायतीत व्हावी, आणि बाजारातल्या मटण-चिकनच्या दुकानांनी टाकाऊ अवयव बंद पिंपात ठेवावेत, कुत्र्यांपुढे टाकू नयेत. पशुवैद्य, दुसऱ्या मुद्द्याला कारण काय लिहायचं ते चार ओळींत द्याल का? सभेत वाचून दाखवीन.

पशुवैद्य_फोंडा:

आज रात्री लिहून पाठवतो. सभेला वेळ मिळाला तर मी स्वतःच येतो.